छाटाचे दीडशे रुपये

आमच्या गावची मंडई होऊन तिसरा दिवस, मंगळवार. रक्कम एकशे ऐंशी रुपये. हजर असलेले असे: पक्षाचे खजिनदार असलेले माझे वडील, पक्षाच्या दोन गटांचे दोन म्होरके नत्थुजी आणि वासुदेवजी, त्यांच्यासोबत आलेले नऊ कार्यकर्ते, लाखनीच्या एका राईस मिलचे मालक, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, आत्या स्वतः, कचरू नावाचा एक बिडी कामगार, आणि मी. जागा, एका सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. दवाखाना कोणत्या गावचा ते लिहीत नाही. तिथल्या माणसांनी त्यांच्या हातात होतं ते केलं, आणि जे त्यांच्या हातात नव्हतं ते त्या काळी कुठेच नव्हतं. मी पतसंस्थेत रोखपाल आहे. गोष्ट सांगायची तर आधी रक्कम आणि हजेरी सांगून मोकळं व्हायचं, ही सवय मला नोकरीने लावली असं घरचे म्हणतात. खरं म्हणजे ती बाबांची.

आमचं घर लाखनीहून आत, हायवे सोडून तळ्याच्या पाळीपाळीने गेलं की लागायचं. थोडी धानाची शेती आणि ओसरीवर बाबांचं शिलाई मशीन. माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे त्या मशीनचा आवाज. पहाटे आई चूल पेटवायची, लाखोळीच्या डाळीला फोडणी बसायची, रेडिओवर बातम्या लागायच्या, आणि बातम्या सुरू झाल्या की मशीन थांबायचं. बाबा पाय पायट्यावर तसाच ठेवून ऐकत. बातमी पटली नाही की मशीन पुन्हा सुरू, जरा जोरातच. देशाची वाढ अमुक टक्क्यांनी झाली असं निवेदक सांगायचा, तेव्हा तर आम्हाला पुढचं काही ऐकूच यायचं नाही. मी काजे-बटनं करायचे. दुपारी भात आणि झिंग्यांची चटणी, कधी तळ्यातल्या बारीक मासोळ्या. तेवढ्यात पक्षाचं कोणीतरी यायचंच. मग आई भातात पाणी घालून पेज वाढवायची. "समाजवाद पातेल्यातूनच सुरू होते," असं ती म्हणायची, आणि येणाऱ्याला ते कौतुक आहे की टोमणा हे कळायचं नाही.

पक्ष लहान होता. आमच्या भागात त्याचे मोजून पंधरा कार्यकर्ते होते. तरी त्यात फूट पडली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मोठ्या पक्षाशी युती करायची की एकट्याने लढायचं, यावर नत्थुजी आणि वासुदेवजी यांचं बिनसलं. नत्थुजी एकट्याने लढणारे, वासुदेवजी युतीवाले. सात इकडे, सात तिकडे, आणि मधे आमचे बाबा, कारण खजिना त्यांच्याकडे होता आणि तो दुसऱ्या गटाकडे जाऊ नये म्हणून दोघांनाही ते मधेच हवे होते. खजिना म्हणजे एका कापडी पिशवीतले एकशे ऐंशी रुपये. दोन्ही गटांनी नवे झेंडे शिवायला टाकले. बाबांनी एकाच ताग्यातून दोन्ही शिवले आणि शिलाई कोणाकडूनच घेतली नाही. आई म्हणाली, "एकच झेंडा शिवा अन् सकाळ-संध्याकाळ वाटून द्या."

मामाजी वर्षातून दोनदा तरी मुक्कामाला यायचे, आणि जेवण झालं की त्यांचा आणि बाबांचा वाद ठरलेला. मामाजी जाडजूड, हसतमुख, बोटांत दोन अंगठ्या. ते म्हणायचे, "भाऊ, तुमचा पक्ष वाढत नाई, म्हणून तुमाले देशाची वाढ पटत नाई. हायवेवर उभे राहून पाहा. माह्या मिलपुढं तांदळाचे ट्रक लागून राहिले."

बाबा चिडत नसत. ते आकडे विचारत. "मिलमंदी पयले हमाल किती होते?"

"बावीस."

"आता?"

"नवी मशीन आणली ना जी. आता नऊ."

"मंग तेरा जण कुठं गेले?"

"कुठं तरी गेलेच असतील. जाणारा जाते."

"तेच इचारून राहिलो. ट्रक मोजता, तेरा जण कायले मोजत नाई?"

मामाजी हसत आणि विड्याचं पान उघडत. बाबांचा जो खरा मुद्दा होता तो मला फार पुढे कळला. ते म्हणत, सरकारी दवाखाना, सरकारी शाळा, एसटी, या तीन गोष्टी गरिबाच्या आहेत म्हणून टिकत नाहीत. त्या सगळ्यांच्या असल्या तरच टिकतात. ज्याच्या ओरडण्याला वजन आहे तो खासगीकडे निघून गेला की मागे राहणाऱ्याचं ओरडणं कोणी ऐकत नाही. म्हणून आपण जायचं ते सरकारी दवाखान्यातच, आणि तिथे रांगेत उभं राहून औषध का नाही ते विचारायचं. आमच्या घरात हा नियम होता. दाढ दुखली तरी नियम तोच. आज मी माझ्या मुलांना खासगी डॉक्टरकडे नेते, पावती घेते, आणि बाबांचा मुद्दा खोडता येत नाही हेही मला माहीत आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ विजू तेव्हा बारा वर्षांचा होता. लहानपणापासून त्याचे सांधे धरायचे. गुडघे, कोपरं, कधी पाठ. दुखणं आलं की तो रडायचा नाही, फक्त मशीनच्या बाजूला येऊन निजायचा आणि म्हणायचा, "बाबा, चालू ठेवा." तो आवाज त्याला बरा वाटायचा. आई तव्यावर मीठ गरम करून त्याच्या पोटलीने शेकायची. कोणी वात म्हणायचं, कोणी बाहेरचं काही. शेवटी सरकारी दवाखान्याच्या एका शिबिरात घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं आणि त्याला सिकलसेल आहे हे कळलं. आमच्या भागात हा आजार घरोघरी आहे, नाव मात्र तेव्हा नवीन होतं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बाबांमध्ये अर्धा आहे, आईत अर्धा आहे, माझ्यात अर्धा आहे, आणि विजूत दोन अर्धे मिळून पूर्ण झाला. बाबांनी घरी येताना वाटेत एवढंच विचारलं, "म्हणजे दोघांनी सारखंच दिलं?" आई म्हणाली, "यात तरी वाटणी बरोबर झाली."

धानकापणी सुरू असते, दिवाळी होऊन गेलेली असते, तेव्हा आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि रात्री मंडपात नाटक होतं. त्या वर्षी आत्या आणि मामाजी आले होते. शनिवारी नाटक होतं. विजूने हट्ट धरला आणि आईने त्याला गोधडी गुंडाळून पाठवलं. थंडी पडलेली होती. तो शेवटच्या अंकापर्यंत बसला. रविवारी दुपारी त्याला ताप भरला. संध्याकाळी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि डाव्या कुशीत पोट दगडासारखं लागू लागलं. सोमवारी सकाळी तो मशीनपाशी आला नाही. बाबांनी मशीन चालू केलं, थोडा वेळ चालवलं, आणि बंद करून उठले.

मामाजींची जीप दारात होती. ते म्हणाले, "टाका गाडीत. सीधे नागपूरले नेतो. मोठा खासगी दवाखाना हाय, डॉक्टर ओळखीचा हाय, पैशाचं तुम्ही पाहू नका."

बाबा म्हणाले, "सरकारीत नेतो."

"आजच्या दिवस तत्त्व खुटीले टांगा ना जी."

"तत्त्व नाई. तिथं त्याचा कागद हाय, आजार समजणारे लोक हायेत. नागपूरले पोचेपर्यंत पोरगं टिकन का?"

आत्या रडू लागली. मामाजींनी जीप सरकारी दवाखान्याकडेच घातली. बाबांचं त्या सकाळचं बोलणं तत्त्वाचं होतं की हिशेबाचं, हे मी खूपदा तपासून पाहिलं आहे. अर्धं-अर्धं असावं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. दोन वॉर्ड ते एकटेच पाहत होते. त्यांनी विजूच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट चाचपलं आणि म्हणाले, "याच्या अंगात रक्त जवळजवळ राहिलेलंच नाही. दोन बाटल्या चढवाव्या लागतील. आता नागपूरला हलवू नका, वाटेतच काही होईल." मग जरा हसून म्हणाले, "एका बाबतीत नशीबवान आहे. याला कोणत्याही गटाचं रक्त चालतं."

रक्तपेढी म्हणजे एक खोली, एक फ्रिज आणि एक बाई. सणाचे दिवस, देणारे कोणी आलेले नव्हते. त्या बाईंनी आम्हाला फ्रिज उघडूनच दाखवलं. खालच्या फळीवर त्यांचा जेवणाचा डबा होता, बाकी रिकामं. बाबांनी बाही वर केली. बाई म्हणाल्या, "तुमचं चालत नाही, तुमच्यात अर्धा आजार आहे. घरच्या कोणाचंच नको. बाहेरची माणसं आणा."

बाहेरची माणसं म्हणजे बाबांकडे एकच ठेवा होता, पक्ष. ते स्वतः आईसोबत विजूपाशी थांबले, मामाजी आत्याला आणायला जीप घेऊन गावी गेले होते, म्हणून मला एसटीत बसवून दिलं. "नत्थुजीले सांग, वासुदेवजीले सांग. एकाले दुसऱ्याचं नाव सांगू नको, नाईतर दोघंई येणार नाईत." मी दोन गावं फिरले. नत्थुजी खळ्यावर होते, वासुदेवजी कोणाच्या तरी तेरवीला गेले होते. दोघांनीही माझं बोलणं पुरतं ऐकलं नाही. "पोराले रक्त पायजे" एवढं ऐकलं आणि "उद्या पयल्या गाडीनं येतो" म्हणाले.

ती रात्र डॉक्टरांनी विजूला सलाईनवर धरून ठेवलं. मंगळवारी पहिल्या गाडीने दोघंही आले, कारण गाडी एकच होती. नत्थुजींची माणसं पुढच्या बाकांवर बसली होती, वासुदेवजींची मागच्या, आणि कंडक्टर मधे उभा राहून हसत होता असं नंतर कळलं. स्टँडवर उतरल्यावर कोणीतरी सांगितलं की गूळ-शेंगदाणे खाल्ले की रक्त जड होतं. दोन्ही गटांनी दोन वेगळ्या टपऱ्यांवरून गूळ-शेंगदाणे घेतले. ते खातखातच अकरा माणसं व्हरांड्यात आली. धुतलेली धोतरं, पांढरे सदरे, पायांना कापणीचा चिखल. बाबांनी त्यांना पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांना रडू आलं होतं. मी त्यांना तसं त्याआधी पाहिलं नव्हतं.

रक्तपेढीतल्या बाईंच्या टेबलावर एक काचेचा पेला होता, त्यात निळं पाणी. मोरचुदाचं पाणी होतं ते, धानाच्या माणसाला ओळखीचाच रंग. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा एक थेंब वरून त्या पाण्यात सोडायचा. थेंब बुडाला तर रक्त घट्ट, घेता येतं. तरंगला तर त्या माणसाच्याच अंगात रक्त कमी, त्याचं घ्यायचं नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. पहिला थेंब तरंगला. दुसरा थोडा खाली गेला, थांबला आणि परत वर आला. तिसरा तरंगला. ज्याचा थेंब तरंगायचा तो माणूस पेल्याकडे असा पाहायचा, जणू अजून जरा थांबलं तर बुडेल. एक जण म्हणाला, "बाई, गूळ अजून पचला नसन. जरा बसतो, मंग पाहा." बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही द्यायला आलात, पण पेशंट तुम्हीच आहात." त्यांनी प्रत्येकाला लोहाच्या गोळ्यांची पुडी दिली. पक्षाची माणसं रक्त द्यायला रांगेने आत गेली आणि गोळ्या घेऊन रांगेने बाहेर आली.

अकरांपैकी दोघांचे थेंब बुडाले, नत्थुजींचा आणि वासुदेवजींचा. नत्थुजींना आदल्या वर्षी कावीळ होऊन गेली होती, म्हणून त्यांचं घेतलं नाही. वासुदेवजींचं घेतलं. नत्थुजी व्हरांड्यात येऊन बसले आणि म्हणाले, "युतीवाल्याचं चाललं." कोणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच थोडं हसले.

पहिली बाटली विजूला लागली. दुसरी कुठून आणायची हा प्रश्न तसाच राहिला. बाबा पुन्हा पुन्हा बाईंच्या दाराशी जात आणि परत येत. त्यांना तिथे विचारायला काही नव्हतं. आयुष्यभर रांगेत उभं राहून "का नाही" विचारणाऱ्या माणसाला त्या दिवशी कोणाला विचारावं ते सुचत नव्हतं. डॉक्टर होते, बाई होत्या, दोघंही राबत होते. ज्यांना विचारायचं ते तिथे नव्हते. विजू डोळे मिटून पडला होता. मला म्हणाला, "ताई, इथं मशीन नाई का?"

तेव्हा चहाच्या टपरीवाल्याने कचरूला आणलं. त्या काळी दवाखान्याबाहेर रक्त विकणारी माणसं सापडत. आता कायद्याने ते बंद आहे. कचरू शहापूरकडचा, अंगाने वाळलेला, गळ्यात मफलर. बाटलीचे दीडशे म्हणाला. बाबांना पाहून तो थांबला. "भाऊ, तुम्ही?"

बाबांनी त्याला ओळखलं. बिडी कामगारांच्या मोर्चात तो घोषणा द्यायला पुढे असायचा. बिडीच्या धंद्यात छाट म्हणून एक प्रकार आहे. कामगार दिवसभर बिड्या वळतो, संध्याकाळी ठेकेदाराकडे मोजून देतो, आणि ठेकेदार त्यातल्या काही बिड्या वाईट म्हणून बाजूला काढतो. त्या छाट. छाटाची मजुरी मिळत नाही, आणि बिड्याही परत मिळत नाहीत. बाबांनी दोन वर्षं त्याविरुद्ध सभा घेतल्या होत्या. "छाटाचीही मजुरी द्या" ही घोषणा त्यांनीच रचलेली.

बाबा म्हणाले, "कचरू, रक्त विकतो तू?"

"बिडीत काय उरते भाऊ."

"हे बरोबर नाई. रक्ताचा बजार नाई मांडायचा."

"तुम्हीच सांगत होते ना जी, आपल्या घामाचा भाव आपण मांगायचा. हे तं रक्त हाय." तो भांडत नव्हता. शिकवलेलं म्हणून दाखवावं तसं बोलला.

बाबा वॉर्डच्या दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ये." आमच्या घरात रक्त विकत घ्यायचं नाही असा नियम कधी केलेला नव्हता, कारण तशी वेळ येईल असं वाटलंच नव्हतं.

बाईंनी कचरूचं बोट टोचलं. थेंब निळ्या पाण्यावर पडला आणि पसरून वरच राहिला. इतर कोणाचाही इतका वर राहिला नव्हता. बाईंनी विचारलं, "याआधी कधी दिलं होतं?" कचरूने बोट मफलरात पुसलं. बाई म्हणाल्या, "आता वर्षभर कोणाला देऊ नका. मराल." तो बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला. गेला नाही.

मामाजी सकाळपासून व्हरांड्याच्या टोकाला उभे होते. त्यांनी डॉक्टरांना पैसे देऊ केले, डॉक्टरांनी हात जोडले. त्यांनी नागपूरहून बाटली आणायला ड्रायव्हर पाठवतो म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले संध्याकाळ होईल, थांबता येणार नाही. दोन अंगठ्यांचा हात खिशात जात होता आणि नोटा घेऊन बाहेर येत होता, आणि त्या नोटांचं तिथे काही मिळत नव्हतं. स्वतःचं रक्त देता का, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. रक्तपेढीतल्या बाई दारात आल्या आणि सरळ त्यांना म्हणाल्या, "तुम्ही मुलाचे कोण?"

"आत्याचा नवरा."

"म्हणजे घरच्या रक्ताचे नाही."

"नाई जी."

"मग या ना आत."

मामाजींचा चेहरा पांढरा पडला. एवढा मोठा माणूस सुईला भीत होता. आत्याने त्यांचा हात धरून नेलं. त्यांचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि दगडासारखा तळाला गेला. मला तो थेंब अजून दिसतो. दहा माणसांचं तरंगलेलं आणि त्यांचं असं तळाला गेलेलं, एकाच पेल्यात. बाबांनीही दारातून ते पाहिलं. हमालांचे आकडे विचारणाऱ्या बाबांनी त्यावर काहीही म्हटलं नाही. ते म्हणू शकले असते, हे पाहा, वाढ कोणाच्या अंगात गेली ते पाहा. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पुरावा त्यांच्यासमोर काचेच्या पेल्यात होता, आणि त्यांच्या मुलाला तोच हवा होता.

विजू वाचला. तो आता लाखांदूरला झेरॉक्सचं दुकान चालवतो. कंबरेचं हाड आजाराने झिजलं, काठी घेऊन चालतो. गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, संपल्या असल्या तर मिळत नाहीत. त्याच्याकडे उपचाराचं सरकारी कार्ड आहे. मागच्या पावसाळ्यात त्याला तीव्र कळा आल्या, तेव्हा एका खासगी दवाखान्याच्या खिडकीवर मी ते कार्ड दिलं. तिथल्या मुलीने संगणकात पाहून सांगितलं, ऑपरेशन असेल तर बसेल, नुसतं दुखणं यात बसत नाही. मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत उभी राहिले. विजू विनोद करतो की त्याच्या अंगात एक बाटली युतीची आहे आणि एक राईस मिलची, म्हणून त्याला कोणाला मत द्यावं ते कळत नाही.

मामाजींनी त्या बाटलीबद्दल काही मागितलं नाही, कधी बोलूनही दाखवलं नाही. पण त्या हिवाळ्यात मोठ्या पक्षाने त्यांना आमच्या भागातून जिल्हा परिषदेला उभं केलं. नत्थुजींच्या गटाने बाबांचं नाव ठरवलं होतं. आणि या खेपेला वासुदेवजींच्या गटानेही पाठिंबा द्यायची तयारी दाखवली, कारण व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर दोघं पुन्हा बोलू लागले होते. पक्ष पहिल्यांदा एक झाला होता. बाबा म्हणाले, "मी उभा राहत नाई." मामाजी स्वतः घरी येऊन म्हणाले, "राहा ना भाऊ उभे. तुमच्याशिवाय लढायले मजा नाई." बाबांनी मान हलवली. मामाजी निवडून आले. मग जेवणानंतरचे वादही थांबले. मामाजी ट्रकांचं सांगत आणि बाबा ऐकून घेत. आई एकदा मला म्हणाली, "हे काई बरं झालं नाई. हे भांडत होते तवाच बरं होतं." पण कोणी कोणाला कसं थांबवणार होतं? मागणारा कोणी नव्हता आणि फेडणारा फेडत होता.

त्या मंगळवारी दुसरी बाटली सुरू झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. कचरू अजून पायऱ्यांवर होता. बाबा बाहेर आले तसा तो उठला.

"भाऊ, माहे पैसे?"

नत्थुजी म्हणाले, "कायचे पैसे बापा? बाटली तं घेतलीच नाई."

"दिवस गेला ना जी माहा."

"मंग दिवसाचे घे. दीडशे कायचे?"

कचरू नत्थुजींशी बोललाच नाही. बाबांकडे पाहून म्हणाला, "छाट झाली, भाऊ."

वासुदेवजी दंडाला कापूस दाबून बाकावर निजले होते, ते उठून बसले. बाबांनी कापडी पिशवी काढली. ती दोन्ही गटांना हवी असलेली पिशवी होती, म्हणून त्यांनी दोघांकडे पाहिलं. वासुदेवजी म्हणाले, "द्या." नत्थुजींनी आधी कचरूकडे पाहिलं. मग म्हणाले, "घोषणा आपलीच होती." माझ्या माहितीत पक्षाने एकमताने केलेला तो एकच ठराव.

मामाजी पुढे झाले, "मी देतो ना जी." बाबा म्हणाले, "नाई. हे पक्षाचं देणं हाय."

कचरूने नोटा दोनदा मोजल्या, मफलरात बांधल्या. विजूचं कसं आहे ते विचारलं. मग जाता जाता म्हणाला, "आता पुढच्या गावी जाऊन पायतो. तिथं एक जण घेते म्हणते. तिथं निळं पाणी नाई." बाबा म्हणाले, "कचरू, बाईनं काय सांगितलं तुले?" तो म्हणाला, "आयकलं जी," आणि हायवेकडे चालू लागला. बाबा पायरीवर उभे राहिले. त्याला थांबवायला त्यांच्याकडे तीस रुपये उरले होते.

ते तीस रुपये अकरा जणांच्या परतीच्या तिकिटांना गेले, कमी पडले ते वासुदेवजींनी घातले. दीडशे रुपये कचरूला दिले, न घेतलेल्या एका बाटलीचे, छाट म्हणून.